उतरल्याची वर्दी

१

चाकं जमिनीला टेकली की वैमानिकाची अक्कल मागे ढगातच राहून जाते, असं हेडबाईंचं पक्कं मत होतं, आणि ते त्या कुणालाही, विचारलेलं नसलं तरी, ऐकवत असत. हेडबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. नियंत्रण केंद्रात त्यांच्याहून मोठ्या हुद्द्याची माणसं होती, पण त्या खोलीत शिरल्या की पाय पसरून बसलेला माणूस आपोआप ताठ व्हायचा, म्हणून कुणीतरी पाठीमागे हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्यांना ते ठाऊक होतं. पण तसं दाखवून नाव ठेवणाऱ्याला भाव द्यायची त्यांची तयारी नव्हती.

ढगांतून, बाहेरचं काहीही न दिसता, समोरच्या यंत्रांच्या भरवशावर उडणाऱ्या विमानांचा माग ठेवायचा, हे त्यांचं काम. असं विमान मोठ्या विमानतळावर उतरलं तर प्रश्न नसे. तिथे टॉवर असतो, टॉवरमधला माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघतो आणि तोच केंद्राला कळवतो. वैमानिकाला तोंड उघडायचीही गरज नाही. पण आडबाजूच्या मैदानांवर, जिथे टॉवर नाही की चिटपाखरू नाही, तिथे उतरल्यावर वैमानिकानेच फोन करून सांगायचं असतं, उतरलो म्हणून. तो सांगेपर्यंत तिथलं आभाळ त्याच्या नावावर. दुसऱ्या विमानाला तिथे सोडता येत नाही. आणि बराच वेळ काहीच कळलं नाही, तर शोध सुरू करायचा.

"एक शब्द बोलायचा असतो," हेडबाई म्हणायच्या. "तेवढ्यात यांच्या तोंडाला कुलूप लागतं. बायकोला फोन होतो, मित्राला फोन होतो. आणि वर ढगात दुसरा कोणी तेल जाळत घिरट्या घालतोय, त्याचं यांना काही नाही."

या विसरभोळ्यांत सगळ्यात वरचा नंबर त्यांच्याच धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा होता. त्याला त्या राजे म्हणायच्या, तोंडावरसुद्धा. आईवडील लवकर गेल्यावर धाकटीला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, आणि तिने काय केलं, तर हा रंगेल, हसतमुख, कामाला अर्धवट माणूस शोधून काढला. राजे छोट्या विमानातून डोंगरावरच्या मैदानात औषधं आणि यंत्रांचे सुटे भाग पोचवायचे. उतरले की टोपी मागे सारून खांबाला टेकायचे आणि दरी बघत उभे राहायचे. वर्दी द्यायची आठवण त्यांना दरी बघून झाल्यावर यायची.

"ताई, विसरलोच बघा," असं ते हसत म्हणायचे.

"लग्न ठरलं तेव्हाच मी हिला सांगितलं होतं," हेडबाई म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या.

२

त्या दुपारी ढग डोंगराच्या कमरेपर्यंत उतरले होते. राजे खाली जाताना रडारवरून दिसेनासे झाले, ते नेहमीचंच. मैदानाच्या अलीकडच्या कड्याखाली ना रडार पोचतं ना रेडिओ नीट चालतो. वेळ गेला. वर्दी नाही. मागून एक रुग्णविमान त्याच मैदानाकडे निघालं होतं आणि त्याला वरच अडवून ठेवायला लागलं होतं.

"मॅडम, काय करायचं?" शेजारचा रडारवाला म्हणाला. तो घाबरट होता. त्याने चष्मा पुसायला घेतला की प्रकरण हाताबाहेर चाललंय, असं समजायचं.

"काय करणार, तुमच्या राजांची कानउघाडणी करणार."

त्यांनी राजांचा मोबाइल लावला. लागला नाही. मैदानावर पत्र्याचं छप्पर असलेली एक खोली होती, पूर्वी प्रवासी बसायचे ती. तिचा नंबर भिंतीवरच्या तक्त्यात होता. तिथे आता कुणी नसतं, हे माहीत असूनही त्यांनी तो फिरवला.

दुसऱ्याच घंटेला फोन उचलला गेला.

"उतरलं," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

आवाज पुरुषाचा होता असं त्यांना वाटलं, पण पैजेवर सांगता आलं नसतं. त्यात ना घाई होती, ना अदब. मागे खोलीचा आवाज येत होता. फरशीवरून खुर्च्या ओढल्यासारखा, एक ओढली, थांबले, मग दुसरी. आणि त्या आवाजाआड बरीच माणसं गप्प बसलेली असली की जी एक दाट शांतता असते, ती.

"कोण बोलतंय?"

फोन ठेवला गेला.

"उतरले महाराज," हेडबाईंनी रडारवाल्याला सांगितलं. "सोडा त्या दुसऱ्याला खाली."

थोड्या वेळाने राजांचा फोन आला. "ताई, विसरलोच बघा. उतरलो."

"कळलं मला. तिथल्या माणसाला तुमच्याहून जास्त अक्कल आहे."

"कुठल्या माणसाला?"

"खोलीत जो कोणी बसलाय त्याला."

"ताई, मी त्याच खोलीच्या ओसरीत उभा आहे. दाराला कुलूप आहे. आणि फोन वगैरे काही वाजला नाही."

"दरी बघताना तुम्हाला तोफ ऐकू येणार नाही," हेडबाई म्हणाल्या.

३

पुढच्या सुट्टीला त्या धाकटीकडे जेवायला गेल्या. जेवताना विषय काढायचा नाही असं ठरवून गेल्या होत्या, आणि ताट पुढे आल्या आल्या त्यांनीच काढला.

"त्या खोलीत कोण असतं?"

"वाळवी," राजे म्हणाले. "गवत कापणारा येतो कधीतरी, पण त्याची अवजारं बाहेरच असतात. आत काही नाही, ताई. खुर्च्या आहेत, त्या एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवल्यात. खिडकीतून दिसतात."

"आणि फोन?"

"फोन नाही बहुतेक. भिंतीवर त्याचा चौकोनी डाग आहे."

हेडबाईंनी नाक मुरडलं. ज्या माणसाला स्वतःचा रुमाल कुठे ठेवलाय ते सांगता येत नाही, त्याच्या निरीक्षणावर काय विश्वास ठेवायचा? नंबर चुकीचा लागला असेल. कुठल्या तरी गोदामात कुणी तरी लिफ्टची वाट बघत असेल, लिफ्ट उतरली असेल. माणसं फोनवर काहीही बोलतात. त्यांनी ही सगळी कारणं एकापाठोपाठ एक मांडली आणि प्रत्येक कारण मांडताना त्यांचा आवाज थोडा थोडा चढत गेला.

धाकटी त्यांच्याकडे बघत होती. "ताई, तू घाबरलीस का?"

"मी? कुणाला?"

"मग वाढू का अजून?" धाकटी म्हणाली, आणि राजे मान खाली घालून हसले. ते हसणं हेडबाईंना अजिबात आवडलं नाही. त्या माणसाच्या हसण्यात कधी कुणाबद्दल वाईट नसायचं, आणि नेमकं तेच त्यांना बावळटपणाचं लक्षण वाटायचं.

निघताना धाकटीने सांगितलं की पुढच्या खेपेला ती राजांबरोबर जाणार आहे. इतकी वर्षं नुसती ऐकत आलेय, ती दरी एकदा बघायची आहे.

"त्या माणसाच्या मागे बसून?"

"शेजारी बसून," धाकटी म्हणाली.

४

टेलिफोनच्या लाइनमनला हेडबाईंनी बोलावून घेतलं. तो आला, कपाळाला आठ्या घालून तपासणी केली आणि म्हणाला, त्या खोलीची तार गेल्या पावसात वाहून गेली, नंतर कुणी जोडलीच नाही.

"मग तिथे घंटा कशी वाजते?"

"ती तुम्हाला ऐकू येते, मॅडम. तिकडे वाजत नसते. तिकडे वाजायला काही नाहीच."

"आणि उचलतं कोण?"

लाइनमनने त्यांच्याकडे सावधपणे पाहिलं, घरी काही बरंवाईट चाललंय का असं विचारावं तसं. "उचलायला फोन लागतो ना, मॅडम."

एवढं तर मलाही कळतं, असं त्याला सुनावून हेडबाईंनी त्याला वाटेला लावलं. स्वतःच्या आवडत्या खुर्चीत त्या बराच वेळ हात बांधून बसल्या. ऊन स्वच्छ पडलं होतं. डोंगराकडे एकही विमान जायचं नव्हतं. खोलीत पंख्याची घरघर आणि रडारवाल्याचं सुपारी कातरल्यासारखं बोटं मोडणं, एवढाच आवाज होता. अशा वेळी माणसाला भीती वाटूच शकत नाही, असा हिशेब करून त्यांनी नंबर फिरवला. एकदा वाजू द्यायचा, पलीकडे काही नाही अशी खात्री करायची आणि विषय संपवायचा.

उचलला गेला.

त्या बोलल्या नाहीत. पलीकडूनही कुणी बोललं नाही. खुर्ची ओढली गेली. मग अगदी जवळून, फोनला तोंड लावून, कुणीतरी नाकाने श्वास घेतला आणि म्हणालं,

"अजून नाही."

हेडबाईंनी फोन ठेवला. मग उचलून रुमालाने पुसला आणि परत ठेवला. रडारवाल्याने विचारलं, कुणाचा होता. त्या म्हणाल्या, "रिकामटेकड्यांचा."

त्या दिवशी त्यांनी वरिष्ठांना काहीही कळवलं नाही. काय कळवणार होत्या? तो साहेब स्वतःची सही सोडून दुसरं काही न वाचणारा. त्याने त्यांना आठवड्याची रजा दिली असती आणि वर काळजी दाखवली असती. ती काळजी सोसण्यापेक्षा गप्प बसणं बरं. धाकटीला मात्र त्या म्हणाल्या, जाऊ नकोस. का, तर त्यांना कारण सांगता येईना. धाकटी हसून म्हणाली, "आयुष्यभर तू याच माणसाच्या बाबतीत मला जाऊ नकोस म्हणतेयस."

५

खेपेच्या दिवशी सकाळी आभाळ मोकळं होतं. दोघं निघाली तेव्हा राजे रेडिओवर म्हणाले, "ताई, आज तुमची बहीण सोबत आहे, आज विसरणार नाही." हेडबाईंनी उत्तर दिलं नाही. कामाच्या रेडिओवर नातीगोती सांगणाऱ्याला उत्तर कसलं द्यायचं?

अर्ध्या वाटेत ढग आले. ते कुठून आले ते हवामानवाल्याला सांगता आलं नाही, पण तो कधीच काही सांगू शकत नसे. राजांनी खाली उतरायची परवानगी घेतली आणि कड्याआड गेले. पडद्यावरचा ठिपका पुसला गेला.

मग वाट बघणं सुरू झालं. हेडबाईंनी हातातल्या पेन्सिलीला पुन्हा पुन्हा टोक काढलं. रडारवाला चष्मा पुसायला लागला.

"राजांच्या नेहमीच्या उशिरापेक्षाही उशीर झालाय, मॅडम."

"दरी दाखवत असतील."

"मोबाइल लागत नाही. त्या खोलीत फोन करू का?"

"नको."

पण नियम तोच होता. शोध सुरू करण्याआधी जिथे विमान जायचं तिथे विचारायचं. त्याने नंबर फिरवलाही होता. हेडबाईंना त्याचा चेहरा दिसत होता. तो हलका झाला, गालात हसला, आणि त्याने अंगठा वर केला.

"उतरलं म्हणतायत."

तिथेच सगळं संपवता आलं असतं. उतरलं म्हटल्यावर आभाळ मोकळं, शोध नाही, कुणी कुणाला हाका मारायच्या नाहीत. हेडबाई उठल्या आणि त्यांनी त्याच्या हातातून फोन घेतला.

"कोण उतरलं?"

खुर्च्यांचा आवाज थांबला.

"कोण उतरलं ते सांगा," त्या म्हणाल्या. आपला आवाज शाळेतल्या पोराला दरडावल्यासारखा निघाला, याचं त्यांना बरं वाटलं.

"साहेब उतरले," पलीकडचा आवाज समजावणीच्या सुरात म्हणाला. "बाई अजून वर आहेत."

हेडबाईंनी फोन टेबलावर टाकला आणि रडारवाल्याचा माइक ओढून घेतला. त्याने हरकत घेतली. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. पडद्यावर काही नव्हतं, कानात खरखर होती, पलीकडे ऐकणारं कुणी आहे की नाही ते कळायला मार्ग नव्हता, आणि त्या रित्या खरखरीत त्या बोलत सुटल्या.

"राजे, कानात बोळे घातलेत का? वर या. खाली काहीही दिसू द्या, तिथे उतरायचं नाही. ऐकताय ना? आजवर माझं एक ऐकलं नाहीत, आज ऐका. वर घ्या विमान. माझी बहीण आहे त्यात. गधड्या माणसा, वर घे."

त्या किती वेळ बोलत होत्या ते त्यांना नंतर आठवलं नाही. रडारवाल्याने त्यांच्या खांद्याला हात लावला आणि पडद्याकडे बोट दाखवलं. कड्याच्या अलीकडे ठिपका उगवला होता. तो वर चढत होता.

६

ठिपका रेडिओवर काहीच बोलला नाही. त्याला किती हाका मारल्या, उत्तर नाही. रेडिओ बिघडला असणार, असं सगळ्यांनी धरून घेतलं, आणि तसं धरलं की पुढचं सगळं नियमात बसतं. मोठ्या विमानतळाच्या टॉवरने उतरायच्या परवानगीचा हिरवा दिवा दाखवला, विमान सरळ आलं आणि सुरेख उतरलं. राजांना इतकं सुरेख उतरताना टॉवरवाल्याने कधी पाहिलं नव्हतं. "दोघं सुखरूप," त्याने फोनवर सांगितलं. "त्यांची नोंद मी बंद करतोय इथून. त्यांनी काही कळवायची गरज नाही."

केंद्र त्याच विमानतळावर होतं. हेडबाई जिन्यावरून पळत खाली गेल्या.

धाकटी गाड्या लावायच्या जागेजवळच्या छोट्या खोलीत बाकावर बसली होती. तिच्या हातात पाण्याचा पेला होता आणि ती तो पीत नव्हती. राजे बाहेर आपल्या गाडीत, पुढच्या सीटवर. काच खाली होती. हेडबाई तरातरा त्यांच्याकडे गेल्या. बोलायचं खूप होतं, वर्षानुवर्षांचं साठलेलं, आणि त्याच्या शेवटी कदाचित, आयुष्यात पहिल्यांदा, त्या या माणसाला शाबास म्हणणार होत्या.

"राजे."

त्यांनी मान वळवली. चेहरा तोच होता. टोपी नीट, कपाळावर सरळ बसवलेली.

"काय झालं वर?"

ते त्यांच्याकडे बघत राहिले. नवख्या घरी आलेला पाहुणा यजमानाकडे बघतो, तसं, अदबीने.

"अहो, मी तुम्हाला गधडा म्हणाले. ऐकलंत ना?"

काही नाही. हेडबाईंचा हात गाडीच्या दाराच्या कडेवर होता. तो त्यांनी हळूच काढून घेतला.

"बरं, बाकी राहू दे," त्या म्हणाल्या, आणि आपला आवाज आर्जवी होतोय हे त्यांना ऐकू आलं. "उतरलात ना तुम्ही? तेवढं एकदा सांगा. उतरलो म्हणा."

राजांनी ओठ उघडले. आत शब्द शोधत असल्यासारखी जीभ जराशी हलली. मग त्यांनी ओठ मिटले आणि ते समोर बघायला लागले.

७

"तुझा आवाज मला ऐकू आला," धाकटी म्हणाली. "खरखरीतून अगदी स्वच्छ. त्यांना नाही आला."

हेडबाई तिच्याशेजारी बसल्या. खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातून गाडी दिसत होती.

"ढग फाटला ना, ताई, एवढासा. खाली मैदान दिसलं. ती खोली, ओसरी. ओसरीत हे उभे होते."

"कोण हे?"

"हे. टोपी मागे सारून, खांबाला टेकून. वर बघत होते. मला ओळखलं त्यांनी. हात केला, असा, ये म्हणतात ना, तसा नाही. जा म्हणतात तसा." धाकटीने हात हलवून दाखवला. "मागे दार उघडं होतं. आत माणसं बसली होती, पण मी तिकडे नाही बघितलं. मी शेजारी बघितलं. तर इथेही हेच. हात कळांवर. खाली बघतसुद्धा नव्हते. तेवढ्यात तू ओरडलीस, आणि मीही किंचाळले, वर घ्या म्हणून. हात हलले, ताई. मान वळली नाही. तेव्हापासून बोललेले नाहीत."

भास, असं हेडबाई म्हणणार होत्या. कमी हवेत माणसाला दिसतं काहीबाही. राजे हादरलेत, वाचा बसली आहे, उद्या परत दात काढतील. कारणं सगळी तोंडाशी तयार होती.

"आज मी तुझ्याकडे राहते," धाकटी म्हणाली. "त्यांना पुढे जाऊ दे."

किती वर्षं हेडबाईंना हेच वाक्य ऐकायचं होतं. जेवताना, सणासुदीला, प्रत्येक भेटीत त्यांनी ते धाकटीच्या तोंडात घालून पाहिलं होतं. आता ते आलं आणि त्यांना ते नको होतं. त्या बाहेरच्या माणसाने एकदा मूर्खासारखं हसावं, काहीतरी विसरावं, काहीही विसरावं, म्हणजे धाकटीचा हात धरून त्यांनी तिला त्याच्याकडे नेऊन सोडलं असतं.

"घरी जा म्हणून सांगून येऊ का त्यांना?" त्यांनी विचारलं. आणि जागच्या उठल्या नाहीत.

बाहेर गाडीचं इंजिन सुरू झालं. दोघी खिडकीतून बघत होत्या. गाडी हलली नाही. हॉर्न वाजला नाही. राजे बाजूला वाकले, त्यांनी आतून पलीकडच्या सीटचं दार उघडलं, पुरतं ढकलून उघडलं, आणि परत सरळ बसून समोर बघायला लागले. ऊन उतरत गेलं. येणारे-जाणारे त्या दाराला वळसा घालून जात होते. धाकटीने ताईचा दंड घट्ट धरला होता, आणि दोघींपैकी कुणीही खिडकीपासून हलत नव्हतं.